चान्स घेताय? बीज सुटण्याचे दिवस असे ओळखा

बाळासाठी चान्स घ्यायचं ठरलं की पहिला सल्ला हमखास मिळतो तो पाळी सुरू झाल्यापासूनच्या चौदाव्या दिवसाचा. मैत्रीण सांगते, जाऊबाई सांगतात, मोबाइलमधलं ॲपही तेच दाखवतं. हा आकडा २८ दिवसांच्या चक्रावरून काढलेला आहे. जिची पाळी ३५ दिवसांनी येते तिचं बीज साधारण २१व्या दिवशी सुटतं आणि जिची २४ दिवसांनी येते तिचं १०व्या दिवसाच्या आसपास. दोघींनी चौदावा दिवस धरला तर एकीची घाई होते आठवडाभराची आणि दुसरीला उशीर होतो चार दिवसांचा. नवरा-बायको दोघांतही काही दोष नसताना महिने वाया जातात ते कधीकधी एवढ्याशा कारणाने.

खालची पद्धत घरच्या घरी जमते. वही-पेन, एक थर्मामीटर आणि हवं असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं किट एवढंच लागतं.

आधी शरीरात काय घडतं ते समजून घ्या

पाळी सुरू होते त्याच सुमाराला बीजकोषात काही फॉलिकल वाढायला लागतात. फॉलिकल म्हणजे बीज असलेली पाण्याची बारीक पिशवी. त्यातलं एक पुढे जातं आणि बाकीचे विरून जातात. पुढे गेलेलं फॉलिकल इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार करतं. इस्ट्रोजेन पुरेसं वाढलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी एलएच नावाचं दुसरं हार्मोन एकदम मोठ्या प्रमाणात सोडते. त्यानंतर साधारण २४ ते ३६ तासांत फॉलिकल फुटतं आणि बीज गर्भपिशवीकडे जाणाऱ्या नळीत येतं. रिकाम्या झालेल्या फॉलिकलमधून मग प्रोजेस्टेरॉन पाझरू लागतं, गर्भपिशवीचं अस्तर गर्भासाठी तयार होतं आणि दिवस राहिले नाहीत तर साधारण दोन आठवड्यांत पाळी येते.

यातला पहिला भाग, म्हणजे पाळीपासून बीज सुटेपर्यंतचा काळ, लांबतो आणि आखडतो. आजारपण, वजनातला मोठा फरक, मनावरचा ताण, पीसीओएस (हार्मोन बिघडून बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास) या सगळ्यांचा परिणाम तिथे होतो. दुसरा भाग बहुतेक बायकांत १२ ते १४ दिवसांचा असतो आणि एकाच बाईत महिन्यामागून महिने फारसा बदलत नाही. म्हणून बीज सुटण्याचा दिवस आलेल्या पाळीपासून पुढे मोजून नीट सापडत नाही, येणाऱ्या पाळीपासून मागे मोजावा लागतो.

आता दोन आकडे पक्के लक्षात ठेवा. सुटलेलं बीज १२ ते २४ तासच फळू शकतं. शुक्राणू मात्र चांगला स्राव असेल तर बाईच्या शरीरात ५ दिवसांपर्यंत जिवंत राहतात. त्यामुळे दिवस राहण्याचा काळ एकूण ६ दिवसांचा: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे ५. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात २२१ स्त्रियांच्या रोजच्या नोंदी तपासून १९९५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या स्त्रियांत या ६ दिवसांबाहेरच्या संबंधातून गर्भ राहिल्याचं आढळलं नाही. त्याच गटाच्या नोंदींवरून २००० साली आणखी एक गोष्ट पुढे आली. हे सहाही दिवस १०व्या ते १७व्या दिवसाच्या आत बसतात अशा स्त्रिया जेमतेम ३० टक्के होत्या.

सहापैकी शेवटचे दोन-तीन दिवस सगळ्यात मोलाचे. बीज सुटून गेल्यावर दुसऱ्या दिवशी संधी जवळजवळ संपलेली असते. बीज सुटल्याची खात्री होईपर्यंत थांबणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. शुक्राणू आधीच जाऊन थांबलेले असायला हवेत.

पायरी १: पाळीची नोंद

घरात भिंतीवर कालनिर्णय असेल तर त्यावर खूण करा, नाहीतर छोटी वही ठेवा. ज्या दिवशी खरा लाल रक्तस्राव सुरू होतो, पॅड लागतं, तो पहिला दिवस. आदल्या दिवशीचा तपकिरी डाग मोजायचा नाही. पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत जितके दिवस झाले ते तुमचं चक्र.

तीन महिन्यांच्या नोंदींवरून अंदाज येतो, सहा महिन्यांच्या असतील तर उत्तम. सरासरी काढू नका. सगळ्यात लहान चक्र कोणतं आणि सगळ्यात मोठं कोणतं, हे दोन आकडे हवेत.

पूजा, लग्न, गौरी-गणपती यांसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या असतील तर ते चक्र हिशेबात धरू नका. त्या गोळ्यांतल्या प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधामुळे पाळीची तारीख बदलते आणि आकडा फसवतो. चान्स घेत असताना त्या घेऊच नयेत, कारण घेते वेळी दिवस राहिलेले असू शकतात.

गर्भनिरोधकं नुकतीच थांबवली असतील तर ती कोणती यावर बरंच अवलंबून आहे. तांबी काढली की त्याच महिन्यात दिवस राहू शकतात. रोजच्या गोळ्या थांबवल्यावर बहुतेक जणींचं चक्र एक ते तीन महिन्यांत जागेवर येतं. तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ नावाने मिळतं ते, घेत असाल तर शेवटच्या इंजेक्शननंतर बीज पुन्हा सुटायला ७ ते १० महिने लागू शकतात. हा उशीर अपेक्षित आहे, त्याला वंध्यत्व समजून औषधांच्या मागे लागू नका.

पायरी २: हिशेब

सगळ्यात लहान चक्रातून १८ वजा करा. उत्तर येईल तो फलदायी काळाचा पहिला संभाव्य दिवस. सगळ्यात मोठ्या चक्रातून ११ वजा करा. तो शेवटचा. समजा तुमची चक्रं २७ ते ३१ दिवसांची आहेत: २७ वजा १८ म्हणजे ९ आणि ३१ वजा ११ म्हणजे २०. नवव्यापासून विसाव्या दिवसापर्यंत लक्ष ठेवायचं.

या हिशेबाचं मूळ १९२० च्या दशकात आहे. जपानचे डॉ. क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे डॉ. हेर्मान क्नाउस यांनी वेगवेगळं काम करून तो मांडला. आजही पहिली चाळणी म्हणून तो चांगला आहे, पण बारा दिवसांची पट्टी फार रुंद. ती अरुंद करायला पुढच्या पायऱ्या.

लहान आणि मोठ्या चक्रात आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त फरक पडत असेल तर हा हिशेब सोडून द्या आणि थेट पुढच्या पायरीवर या. ॲपचंही तेच. ॲप मागच्या तारखांवरून भाकीत करतं, या महिन्यात तुमच्या बीजकोषात काय चाललंय ते त्याला कळत नाही.

पायरी ३: पांढऱ्या स्रावाकडे पाहा

बिनपैशाची आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी खूण हीच. लाजेपोटी किंवा ‘अंगावरून पांढरं जातंय’ म्हणजे काहीतरी बिघडलंय या समजुतीपोटी नेमकी तीच दुर्लक्षिली जाते.

स्राव गर्भाशयाच्या मुखातून येतो आणि इस्ट्रोजेनप्रमाणे बदलतो. पाळी संपल्यावर काही दिवस बहुधा कोरडं वाटतं. मग थोडा चिकट, दाट, पांढुरका स्राव दिसू लागतो. तो बोटांत धरला तर तुटतो. त्यानंतर तो मऊ आणि दुधाळ होतो. आणि मग येतात ते दिवस: स्राव भरपूर, पारदर्शक, निसरडा, दोन बोटांत धरून ताणला तर भेंडी चिरताना सुटते तशी तार निघणारा. चालताना ओलं वाटतं, पुसताना कागद सरकतो. याच स्रावातून शुक्राणू पोहत वर जाऊ शकतात आणि यातच टिकतात. दाट, चिकट स्राव त्यांना अडवतो.

तपासायचं कसं? लघवीला गेल्यावर, लघवीच्या आधी, स्वच्छ टिश्यूने किंवा धुतलेल्या बोटाने योनीच्या तोंडाशी टिपून घ्या. आत बोट घालायची गरज नाही. दिवसातून दोन-तीनदा पाहा आणि रात्री त्या दिवसाचा सगळ्यात ओला, सगळ्यात निसरडा प्रकार वहीत लिहा. ‘कोरडं’, ‘चिकट’, ‘दुधाळ’, ‘तार’ एवढे चार शब्द पुरतात. तार दिसलेला शेवटचा दिवस कोणता होता ते दुसऱ्या दिवशीच कळतं, कारण प्रोजेस्टेरॉन आलं की स्राव एका रात्रीत दाट होतो किंवा आटतो. तो शेवटचा दिवस आणि बीज सुटण्याचा दिवस यांत बहुतेकदा एखाद-दुसऱ्या दिवसाचंच अंतर असतं.

फसगत कुठे होते तेही पाहा. संबंधानंतरच्या दिवशी वीर्य बाहेर येतं, ते स्रावासारखं दिसतं; त्या सकाळची नोंद संशयाची धरा. ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी सर्दीसारखा हा स्रावही आटू शकतो. बीज सुटावं म्हणून दिल्या जाणाऱ्या क्लोमिफीनचाही तसा परिणाम होऊ शकतो. पीसीओएसमध्ये तार असलेले दिवस महिन्यात दोन-तीनदा येऊन जातात, कारण फॉलिकल वाढायचा प्रयत्न करतं आणि मध्येच थांबतं. आणि स्रावाला दुर्गंधी, हिरवट-पिवळा रंग, खाज, दह्यासारख्या गुठळ्या असतील तर तो संसर्ग, आधी त्याचे उपचार. योनी आतून साबणाने किंवा कुठल्या ‘इंटिमेट वॉश’ने धुवू नका, त्याने संरक्षण करणारे जंतू जातात आणि स्रावही वाहून जातो.

काही जणींना याच दिवसांत ओटीपोटात एका बाजूला थोडा वेळ दुखतं. खूण म्हणून लिहून ठेवा, पण तिच्यावर तारीख ठरवू नका. त्या दुखण्यासाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेणं टाळा. अशा गोळ्या या दिवसांत घेतल्या तर फॉलिकल फुटायला अडथळा येऊ शकतो. लागलीच तर पॅरासिटामॉल.

पायरी ४: ओव्हुलेशन किट

हे लघवीतलं एलएच मोजतं. प्रेग्नन्सी टेस्टसारखंच दिसतं, पण वाचायची रीत वेगळी आहे आणि निम्म्या चुका तिथेच होतात.

सुरुवात कधी करायची? सगळ्यात लहान चक्रातून १७ वजा करा. २८ चं चक्र असेल तर ११व्या दिवसापासून, ३२ चं असेल तर १५व्या दिवसापासून रोज एक.

वेळ दुपारी १२ ते रात्री ८ मधली धरा आणि रोज तीच ठेवा. एलएचची उसळी बहुतेकदा पहाटे रक्तात सुरू होते आणि लघवीत दिसायला काही तास जातात, म्हणून उठल्याउठल्याची पहिली लघवी इथे बहुतेक किटना चालत नाही. तरी तुमच्या किटच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. आधीचे दोन तास फार पाणी, ताक, सरबत पिऊ नका. लघवी पातळ झाली की रेषा फिकी येते.

पट्टीवर दोन रेषा आल्या म्हणजे पॉझिटिव्ह, असं इथे नाही. शरीरात थोडं एलएच रोजच असतं, त्यामुळे फिकी दुसरी रेषा रोजच दिसू शकते. चाचणीची (T) रेषा नियंत्रणाच्या (C) रेषेइतकी किंवा तिच्याहून गडद असेल तरच पॉझिटिव्ह. प्रेग्नन्सी टेस्टमध्ये फिकी रेषाही मोजतात, इथे मोजत नाहीत. रोजच्या पट्टीचा ठरलेल्या वेळेत मोबाइलवर फोटो काढून ठेवा, शेजारी शेजारी लावले की चढ लगेच दिसतो. वाळलेली पट्टी तासाभराने पाहिली तर ती गडद होऊन खोटं बोलते.

पॉझिटिव्ह आली की बीज पुढच्या एक-दीड दिवसात सुटण्याची शक्यता. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी संबंध ठेवा. पण फक्त याच दोन दिवसांवर सगळा भार टाकू नका, त्याआधीचे तार असलेले दिवसही तितकेच महत्त्वाचे.

उसळी काही जणींत दहा-बारा तासांतच ओसरते आणि दिवसाला एक पट्टी केली तर हातून निसटते. रेषा गडद व्हायला लागली की दोन दिवस सकाळी उशिरा आणि संध्याकाळी अशी दोनदा तपासणी करा. पीसीओएस असेल तर एलएच मुळातच वाढलेलं असू शकतं, पट्ट्या आठवडाभर पॉझिटिव्ह दाखवतात आणि बीज सुटतच नाही. अशा वेळी किटवर पैसे घालवू नका, सोनोग्राफीकडे वळा. चाळिशी जवळ आलेल्यांतही असं होऊ शकतं. आणि एक लक्षात असू द्या: एलएच वाढणं म्हणजे फॉलिकल फुटल्याची हमी नव्हे.

पायरी ५: सकाळचं तापमान

बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉनमुळे अंगाचं तापमान किंचित वाढतं, साधारण ०.४ ते १ अंश फॅरनहाइट. म्हणजे ही खूण बीज सुटून गेल्यावर मिळते. या महिन्यात तारीख ठरवायला तिचा उपयोग नाही, पण बीज सुटतं की नाही आणि कितव्या दिवशी, हे दोन-तीन महिन्यांत तिच्यामुळे नक्की होतं.

०.१ अंश फॅरनहाइट दाखवणारा साधा डिजिटल थर्मामीटर चालतो; सेल्सिअसचा घ्यायचा असेल तर दोन दशांश दाखवणारा घ्या. उशाशी ठेवा. जाग आल्यावर उठण्याआधी, पाणी पिण्याआधी, रोज त्याच वेळी जिभेखाली. आधी सलग तीन-चार तास झोप झालेली हवी. रात्रपाळी, ताप, जागरण, मद्य यांनी आकडा बिघडतो, त्या दिवशी वहीत फुली मारा.

आधीच्या सहा दिवसांच्या आकड्यांहून वरचे आकडे सलग तीन दिवस आले, तर त्या चढाच्या आदल्या दिवसाच्या सुमाराला बीज सुटलं असं धरा. चढलेलं तापमान १८ दिवस टिकलं आणि पाळी आली नाही, तर दिवस राहिल्याची शक्यता मोठी. सकाळच्या थर्मामीटरने मन धास्तावत असेल तर ही पायरी खुशाल गाळा. स्राव आणि किट मिळून काम भागतं.

संबंध किती आणि कसे

चिकट स्राव संपून ओलावा सुरू झाला की दिवसाआड किंवा रोज, जसं दोघांना झेपेल तसं. तार आटेपर्यंत हे चालू ठेवा. ‘वीर्य साठवून’ एकदाच संबंध ठेवायची कल्पना चुकीची आहे. आठवड्याहून जास्त दिवस गेले की साठलेल्या शुक्राणूंची हालचाल मंदावू लागते. ज्यांना तारखा पाहिल्या की दडपण येतं त्यांनी सगळं सोडून पाळी संपल्यापासून आठवड्यातून तीनदा संबंध ठेवावेत. त्यात हे सहा दिवस आपोआप येतात, आणि दडपणामुळे ऐन वेळी पतीला अडचण येण्याचा प्रसंगही टळतो.

नवरा पुण्या-मुंबईत नोकरीला आणि बायको गावी, किंवा नवरा जहाजावर, अशी कितीतरी घरं आहेत. तिथे शनिवार-रविवार हाताशी आला म्हणून भागत नाही. नोंदींवरून पुढच्या दोन महिन्यांचे संभाव्य दिवस काढा आणि रजा त्याप्रमाणे टाका. पोचायचं ते किट पॉझिटिव्ह होण्याच्या दोन-तीन दिवस आधी. बरेच दिवस दूर राहिल्यावर पहिला दिवस थोडा आधी मिळाला तर उत्तम, पुढचं वीर्य ताजं मिळतं.

नंतर पाय वर करून पडणं, कमरेखाली उशी घेणं याची गरज नाही. शुक्राणू काही मिनिटांत स्रावात शिरतात. नंतर बाहेर येतं ते बरंचसं द्रव असतं आणि ते येणारच. कोरडेपणासाठी थुंकी वापरू नका, ती शुक्राणूंना घातक आहे. बाजारातल्या अनेक जेलही त्यांची गती मंद करतात. गर्भधारणेसाठी चालणारं जेल वेगळं मिळतं, तेच मागा.

अमुक दिवशी संबंध ठेवला तर मुलगाच होतो, असं सांगणारे अजून भेटतात. वर सांगितलेल्या १९९५ च्या अभ्यासात दिवस आणि बाळाचं लिंग यांचा संबंध आढळला नाही. शिवाय त्या नादात मोलाचे दिवस हातचे जातात.

सोनोग्राफीने पाहायचं तर

याला सगळे फॉलिक्युलर स्टडी म्हणतात. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत फॉलिकलचा आकार मिलिमीटरमध्ये मोजतात. साधारण ९व्या-१०व्या दिवशी सुरुवात, मग दिवसाआड. मोठं फॉलिकल रोज सुमारे २ मिमी वाढतं आणि १८ ते २५ मिमीच्या दरम्यान फुटतं. रिपोर्टमध्ये गर्भपिशवीच्या अस्तराची जाडीही असते, ती ७ मिमीच्या वर असली तर डॉक्टरांना बरं वाटतं. या तपासणीला लघवी करूनच जायचं असतं. पोटावरून करायची असेल तर भरून.

चक्र नियमित, वय तिशीच्या आत, प्रयत्नांना तीन महिने झालेले, अशा जोडप्याला याची गरज नसते. बीज सुटतं का एवढंच कळून घ्यायचं असेल तर प्रोजेस्टेरॉनची एक रक्ततपासणी पुरते. ती ‘२१व्या दिवशी’ करा असं छापील उत्तर मिळतं, पण तेही २८ च्या चक्रापुरतं. पाळी येण्याच्या ७ दिवस आधी करायची, म्हणजे ३५ चं चक्र असेल तर २८व्या दिवशी. आकडा ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल तर बीज सुटलं. चुकीच्या दिवशी केलेल्या या तपासणीवरून ‘बीज सुटत नाही’ असा शिक्का बसतो आणि विनाकारण गोळ्या सुरू होतात, म्हणून दिवस नीट मोजा.

बीज सुटण्याच्या गोळ्या मैत्रिणीच्या चिठ्ठीवरून स्वतः आणून घेऊ नका. त्यांनी एकाहून जास्त बीजं सुटू शकतात, जुळी-तिळी राहू शकतात, आणि नळ्या बंद असतील किंवा दोष पतीच्या वीर्यात असेल तर त्या महिनोन्‌महिने घेऊनही फळ नाही.

चान्स घेण्याआधी दोघांनी सुरू करायचं

फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, किमान एक महिना आधीपासून. तीन महिने मिळाले तर छान. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी पाळी चुकल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांतच मिटते, तोवर पुष्कळ जणींना दिवस राहिल्याचं कळलेलंही नसतं. दुकानात मागितलं की बहुतेकदा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडते, ती साडेबारा पट. मधुमेह, फिट्सची औषधं, किंवा आधीच्या बाळात मणक्याचा दोष असेल तर डॉक्टर तीच देतात, एरवी लहान मात्रा मागून घ्या.

रक्तात हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइडची टीएसएच पाहून घ्या. रुबेलाची लस घेतलेली नसेल तर आधी घ्या आणि त्यानंतर महिनाभर दिवस राहू देऊ नका. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी, एचबीए२, दोघांपैकी एकाची तरी करा. मूळ गाव नंदुरबार, पालघर, गडचिरोली किंवा विदर्भातल्या इतर जिल्ह्यांत असेल तर सिकलसेल या तशाच आजाराचीही. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि हे आधी कळलेलं बरं.

तंबाखू कुठल्याही रूपात बंद: सिगारेट, गुटखा, आणि दात घासायची मिश्रीसुद्धा. पीसीओएस आणि वजन जास्त असेल तर वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी पुष्कळ जणींचं बीज पुन्हा सुटू लागतं. ८० किलोला ४ ते ८ किलो.

पुरुषांसाठी तीन महिन्यांचा हिशेब धरा. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७२ ते ७४ दिवस लागतात, त्यामुळे आज सोडलेल्या व्यसनाचा फायदा तेवढ्या काळाने वीर्यात दिसतो, आणि आज आलेल्या तापाचा तोटाही. मांडीवर लॅपटॉप, गरम पाण्याचा टब, भट्टीजवळचं काम यांची उष्णता वाईट. जिममध्ये कोणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली असतील तर ती डॉक्टरांना सांगा. त्याने शरीर पिळदार दिसतं, पण शुक्राणू बनणं जवळजवळ थांबू शकतं.

नंतरचे दोन आठवडे

बीज फळल्यावर गर्भ गर्भपिशवीत रुजतो तो बहुतेकदा ८ ते १० दिवसांनी. त्याआधी कुठलीही टेस्ट काही दाखवणार नाही. छाती जड होणं, पोट फुगणं, थकवा हे सगळं प्रोजेस्टेरॉनमुळे प्रत्येक महिन्यातच होतं, त्यावरून अंदाज बांधून मनाला त्रास करून घेऊ नका.

पाळी चुकल्यावर, किंवा ओव्हुलेशन किट पॉझिटिव्ह आल्यापासून १५-१६ दिवसांनी, सकाळच्या पहिल्या लघवीने प्रेग्नन्सी टेस्ट करा. ड्रॉपरने सांगितले तेवढेच थेंब, निकाल पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनंतर दिसलेली रेषा धरायची नाही. निगेटिव्ह आली आणि पाळीही आली नाही तर तीन दिवसांनी पुन्हा. फॉलिकल फोडण्याचं एचसीजी इंजेक्शन घेतलं असेल तर दोन आठवडे टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण टेस्ट तेच हार्मोन शोधते.

टेस्ट पॉझिटिव्ह आणि त्यासोबत एका बाजूला तीव्र दुखणं, खांद्यात कळ, चक्कर किंवा रक्तस्राव असेल तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

डॉक्टरांकडे कधी, आणि जाताना काय न्यायचं

सगळं जुळून आलं तरी तिशीच्या आतल्या जोडप्याला एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता २० ते २५ टक्के. शंभरातल्या ८० हून अधिक जोडप्यांना वर्षभरात यश येतं. म्हणून वय ३५ च्या आत असेल तर १२ महिने, ३५ च्या पुढे ६ महिने, आणि चाळिशी ओलांडली असेल तर प्रयत्न सुरू करतानाच डॉक्टरांना भेटा. पाळी ३५ दिवसांहून लांबत असेल किंवा येतच नसेल, पाळीत असह्य दुखत असेल, पूर्वी क्षयरोग झाला असेल, पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, पतीला मोठेपणी गालगुंड होऊन वृषण सुजले असतील, तर वर्षभर थांबू नका. क्षयरोग नळ्यांत उतरून त्या बंद करतो आणि बाहेरून काहीच लक्षण दिसत नाही.

पहिल्या भेटीला दोघांनी जायचं. वीर्यतपासणी सगळ्यात स्वस्त, सोपी, आणि घरोघर सगळ्यात उशिरा होणारी तपासणी आहे; बाईच्या नळ्या तपासून, गोळ्या देऊन वर्ष गेल्यावर ती होते, हे अन्यायाचं आहे. २ ते ७ दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, शक्यतो प्रयोगशाळेतच. घरून न्यायचा असेल तर अंगाशी धरून उबेत, तासाभराच्या आत. कंडोममधून नेऊ नये, त्यावरचं रसायन शुक्राणू मारतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार खालची मर्यादा अशी: वीर्य १.४ मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये १.६ कोटी शुक्राणू, हलणारे ४२ टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. शेवटचा आकडा पाहून घाबरू नका, तो मुळातच इतका कमी असतो. एक रिपोर्ट खराब आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करतात.

बाईसाठी रक्तातल्या हार्मोनच्या तपासण्या: एफएसएच, एलएच पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन कधीही. नळ्यांचा एक्स-रे, एचएसजी, रक्तस्राव थांबल्यावर आणि बीज सुटण्याआधी, म्हणजे साधारण ७व्या ते १०व्या दिवशी. एएमएच ही रक्ततपासणी किती बीजं शिल्लक आहेत याचा अंदाज देतं. एएमएच कमी आलं म्हणजे आपोआप दिवस राहणार नाहीत असा अर्थ नाही. तपासण्या न करता कोणी नुसतं ‘पिशवी धुऊन घेऊ’, क्युरेटिंग करू, असं सुचवलं तर ते कशासाठी, हे स्पष्ट विचारा. कारण नसताना केलेल्या क्युरेटिंगने अस्तर चिकटू शकतं.

सोबत न्यायचं ते असं: सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा, स्रावाची वही, किटचे फोटो, दोघे घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी, आयुर्वेदिक आणि जिमची पावडरही त्यात, आणि जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून.